टाळूवरचा हात

कानद, गुंजण आणि हिरडस ही वेल्हे-भोरकडची जुनी मावळे. इथल्या घरांत बाळाच्या डोक्याची पहिली पारख आंघोळीआधी टाळूवर तेल घालणाऱ्या आजीच्या बोटांनी होते. टाळू मऊ लागली, धडधडताना जाणवली की तिचे समाधान होते. मात्र एका आजारात हीच खूण फसवते. टाळू उघडी असूनही कवटीची एखादी शिवण अकाली जुळलेली असू शकते.

बाळाची कवटी एकसंध नसते. तिची हाडे शिवणींनी जोडलेली असतात आणि मेंदू वाढेल तशी ती या शिवणींपाशी वाढत जातात. जन्मवेळी मेंदूचे वजन प्रौढाच्या सुमारे पाव असते, दोन वर्षांत ते पाऊणपर्यंत जाते. साधारण 2,000 ते 2,500 जन्मांमागे एका बाळाची शिवण आधीच जुळते. तिच्या आडव्या दिशेने वाढ खुंटते आणि कवटी दुसऱ्या दिशेला पसरते, हे रुडॉल्फ व्हिर्कोने 1851 मध्ये मांडले. माथ्यावरची उभी शिवण जुळली तर डोके होडीसारखे लांबट होते. एका कुशीवर निजून आलेला चपटेपणा कूस बदलत राहिल्याने बराच कमी होतो. जुळलेल्या शिवणीवर मात्र मोहरीच्या उशीचा वा मालिशीचा इलाज नाही. तिथे बहुधा हाडाची उंच धार हाताला लागते.

बाळ तीन-चार महिन्यांच्या आत पोहोचले तर लहान छेदातून, दुर्बिणीच्या मदतीने जुळलेली पट्टी काढता येते. त्यानंतर काही महिने हेल्मेट वापरतात. उशीर झाला तर कवटीची हाडे सोडवून नव्याने मांडण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. लसीकरणाच्या फेऱ्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या असतात. त्या वेळी डोक्यावर टेप धरला आणि आकार पाहिला, तर हा काळ हातचा जात नाही.

शस्त्रक्रियेने मेंदूला जागा मिळते, डोक्याला आकार येतो. त्यापुढचा विकास आपोआप होईल असे मात्र धरून चालत नाही. एकच शिवण जुळलेली बहुतेक मुले सर्वसाधारण मुलांसारखीच वाढतात. तरीही भाषा, शिकणे आणि लक्ष यांतल्या सौम्य अडचणी त्यांच्यात थोड्या अधिक आढळतात आणि काही शाळेत गेल्यावरच कळतात. म्हणून मान कधी धरली, आधाराविना कधी बसले, पहिला शब्द कधी आला, याची नोंद हवी. डोक्याचा घेर आणि डोळ्यांची तपासणीही चालू राहावी. आपल्या मुलांसाठी मोजपट्टीही आपल्याकडे आहे. बडोद्यात प्रमिला फाटक यांच्या पुढाकाराने घडलेली विकासचाचणी तीस महिन्यांपर्यंतच्या बाळांची हालचाल आणि समज तपासते.

पानशेत, वरसगाव, भाटघर या धरणांच्या फुगवट्यापलीकडच्या वाड्यांतून पुण्याला वारंवार जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे. म्हणून पाठपुराव्याचा बराच भार गावातच पेलला जायला हवा. आशाताई पंधरा महिन्यांपर्यंत घरी येतात. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करते आणि गरज असेल तर बाळाला जिल्ह्याच्या केंद्रात पाठवते. शस्त्रक्रियेचा कागद घरच्या पेटीत राहिला तर या साखळीला बाळाचा पत्ताच लागत नाही. तो अंगणवाडीताईंना दाखवायला हवा.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली की आजीने पुन्हा तेल लावावे. काढलेल्या हाडाची जागा काही काळ मऊ लागेल, धडधडेलही. तान्ह्या वयात तिथे बहुधा नवे हाड येते. तिने घाबरू नये. फक्त तेल लावून झाले की बाळाला हाक मारून पाहावी, ते कसे वळते याकडे लक्ष द्यावे.