लहान मुलांच्या चेहऱ्यावरील मुरुमे : आधी वय पाहा

'तारुण्यपीटिका' या नावामुळे मुरुमे केवळ तारुण्यातच येतात, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात ती तान्ह्या बाळालाही येऊ शकतात. काळजी करावी की नाही, हे मुरुमांच्या संख्येपेक्षा मुलाच्या वयावरून अधिक कळते.

त्वचेतील तैलग्रंथी अँड्रोजेन संप्रेरकांच्या प्रभावाखाली असतात. ही संप्रेरके मुलगे आणि मुली दोघांच्याही शरीरात असतात. त्यांचे प्रमाण वाढले की तेलकट स्राव वाढतो, त्वचेची छिद्रे बुजतात आणि काळे-पांढरे ठिपके व पुळ्या उमटतात.

जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गालांवर आलेल्या पुटकुळ्या बहुधा उपचारांविना जातात. त्यानंतरचा 1 ते 7 वर्षांचा काळ मात्र वेगळा. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी या काळात अँड्रोजेन अत्यल्प स्रवतात. म्हणूनच या वयातील मुरुमे दुर्मीळ असून त्यांची तपासणी व्हायलाच हवी. त्यांमागे अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात विकार, अकाली पौगंडावस्था किंवा क्वचित एखादी गाठ असू शकते.

पुढे सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास या ग्रंथी पुन्हा सक्रिय होतात. त्यामुळे तिसरी-चौथीतील मुलाच्या कपाळावर किंवा नाकावर ठिपके दिसणे बहुधा नैसर्गिकच. कित्येकदा ती वयात येण्याची पहिली चाहूल असते. तथापि, मुलीच्या 8 किंवा मुलाच्या 9 वर्षांच्या आधी मुरुमांसोबत काखेत वा जांघेत केस, मोठ्यांसारखा घामाचा वास किंवा उंचीत एकाएकी वाढ दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना भेटावे. ते रक्ततपासणीतून संप्रेरकांचे प्रमाण आणि हाताच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय जाणून घेतात. निदानास विलंब झाला, तर काही विकारांत हाडांची वाढ लवकर थांबते आणि आज वर्गात सर्वांत उंच असलेले मूल प्रौढपणी ठेंगणे राहू शकते.

दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडयुक्त मलमे चेहऱ्यावर लावू नयेत. त्यांनीही मुरुमे उद्भवतात. केसांचे तेल कपाळावर ओघळू देऊ नये, पुळ्या फोडू नयेत. मोठ्या भावंडाची औषधे धाकट्याला देणेही टाळावे. डॉक्सिसायक्लिनसारख्या प्रतिजैविकांच्या गटामुळे 8 वर्षांखालील मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात.