तांबड्या पेशींचा ताळेबंद
बेळगुंदीहून बेळगावास जावे आणि रक्ततपासणीचा कागद हाती पडताच हिमोग्लोबिनचा आकडा पाहून लोहाच्या गोळ्यांची तजवीज करावी, असा सार्वत्रिक शिरस्ता. परंतु स्त्रीत 12, गर्भवतीत 11 ग्रॅमांखालचा तो आकडा न्यूनता सांगतो, कारण नव्हे. कारणाचा माग एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान, दाखविते: 100 फेम्टोलिटरवर बी-12 वा फोलेटची उणीव संभवते, 80 खाली बहुधा लोहाची. मात्र पेशी लहान असूनही संख्येने विपुल असतील, तर आनुवंशिक थॅलसेमियाची शंका घ्यावी. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहसाठ्याचे माप, न तपासता महिनोन्महिने लोह गिळणे, माझ्या मते, निव्वळ अपव्यय. लहान पण विपुल पेशी असलेले थॅलसेमियाचे वाहक स्वतः बहुधा निरोगीच असतात. परंतु बीटा थॅलसेमियाचे दोन वाहक विवाहबद्ध झाले, तर प्रत्येक अपत्यास गंभीर व्याधी होण्याचा संभव चारांत एक असतो.