तंबाखू न खाल्लेल्यांचा कर्करोग

तोंडाचा, घशाचा कर्करोग म्हटलं की आपल्याकडे तंबाखू, मावा, गुटखा हेच डोळ्यांसमोर येतं. मोठ्या माणसांच्या बाबतीत ते बहुतांशी खरंही आहे. पाच वर्षांच्या पोराचं काय? लहान मुलांच्या डोक्यात-मानेत होणारे कर्करोग मुळातच वेगळे असतात, आणि पालकांनी स्वतःला दोष देत बसावं असं त्यांत सहसा काही नसतं.

जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मेंदूच्या गाठी वगळल्या, तर त्यातले साधारण दहा-बारा टक्के डोके आणि मानेतले असतात. म्हणजे आजार दुर्मीळच. वयाप्रमाणे त्याची रूपं बदलतात. तान्ह्या आणि लहान मुलांत डोळ्याच्या पडद्याचा रेटिनोब्लास्टोमा आणि स्नायूंसारख्या मऊ ऊतींचा सार्कोमा दिसतो. शाळकरी वयात लसिकाग्रंथींचा लिम्फोमा, तर किशोरवयात, विशेषतः मुलींमध्ये, थायरॉइडचा कर्करोग वाढतो.

यातल्या एका लिम्फोमाची हकिकत युगांडातली आहे. १९५७ मध्ये कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाला एक पाच वर्षांचा मुलगा दाखवण्यात आला. त्याचा जबडा चारही बाजूंनी सुजला होता. संसर्ग म्हणावा, तर तो एकाच वेळी चारही बाजूंना कसा? काही आठवड्यांनी जिंजा गावात बर्किटला तशीच सूज असलेलं दुसरं मूल दिसलं. त्याच्या पोटातही गाठी होत्या. तिथून त्याने नोंदी जमवायचा ध्यास घेतला. १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह जुन्या मोटारीतून त्याने सुमारे १६ हजार किलोमीटर प्रवास केला, वाटेतल्या रुग्णालयांत चौकशी केली. जिथे उष्णता आणि पाऊस भरपूर, म्हणजे मलेरियाही फार, तिथेच हा आजार सापडत होता. लंडनमध्ये त्याचं व्याख्यान ऐकलेल्या अँथनी एप्स्टाइनने कंपालाहून गाठींचे नमुने मागवले. १९६४ मध्ये त्या पेशींत एक नवा विषाणू दिसला. माणसात कर्करोगाशी जोडला गेलेला तो पहिला विषाणू. हा लिम्फोमा झपाट्याने वाढतो, पण औषधांनी तितक्याच झपाट्याने विरघळतो, हीही बर्किटच्याच काळातली नोंद.

आपल्याकडची अडचण निराळी आहे. मुलांच्या मानेतल्या बहुतेक गाठी सर्दी, घसा, दात किंवा क्षयामुळे येतात. त्यामुळे गाठीचा तुकडा न तपासताच क्षयाची औषधं सुरू होतात आणि लिम्फोमा असेल तर महिने वाया जातात. गाठ कडक असेल, वाढतच असेल, कॉलरबोनच्या वर असेल, सोबत ताप आणि वजनात घट असेल, तर बायोप्सीचा आग्रह पालकांनीच धरावा.

रेटिनोब्लास्टोमा तर घरातच सापडू शकतो. मोबाइलवर फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एका बुबुळात लाल झाक आणि दुसऱ्यात पांढरी चमक दिसली, किंवा बाळ अचानक तिरळं बघू लागलं, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठावा. वेळेत निदान झालं, तर बहुतेक मुलं वाचतात, अनेकांची दृष्टीही टिकते. गाठ डोळ्याबाहेर पसरली की जीवच धोक्यात येतो. काही कुटुंबांत हा दोष जनुकांतून पुढे येतो. म्हणून एका मुलाला तो निघाला, की पाठच्या भावंडांचे डोळेही तपासावे लागतात, अगदी नुकत्याच जन्मलेल्या बाळाचेसुद्धा.