अक्रोडाच्या लाकडाचा रंग



अक्रोड म्हटला म्हणजे आपल्याकडील मंडळींस फळ आठवतें. त्याच्या लाकडाची ओळख होते ती बहुधा काश्मीरहून आलेल्या एखाद्या नक्षीदार पेटीमुळें किंवा तिवईमुळें. अशी एक तिवई माझ्या घरीं २५ वर्षें आहे. सैन्यांत नोकरीस असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्यानें ती श्रीनगरहून आणून दिली. ती मीं एकदां हौसेनें बिघडविली आणि पुढें एका वृद्ध सुतारबुवांच्या हाताखालीं बसून सुधारली. त्यांतून जें उमगलें तें आज सांगणार आहें.

तिवई खिडकीपाशीं असे आणि तिच्यावर विणलेला रुमाल असे. कांहीं वर्षांनीं रुमाल उचलला तों खालचा चौकोन गर्द तपकिरी आणि भोंवतालचा भाग मधासारखा फिका झालेला! एका पायावर तर पहिल्यापासूनच पांढुरका पट्टा होता. मीं बाजारांतून गर्द तपकिरी रोगणाचा डबा आणला आणि सगळ्या तिवईवर दोन हात दिले. तिवई एकरंगी झाली खरी. पण लाकडाच्या रेषा आणि चिनाराच्या पानांची नक्षी चिखलाखालीं गेल्यासारखी दिसूं लागली. त्या दिवाळींत माझा विद्यार्थी भेटीस आला. बराच वेळ पाहून त्यानें हळूच विचारलें, "सर, ही तीच तिवई का?" मला उत्तर सुचलें नाहीं.

सुतारबुवांनीं तिवई पाहिली आणि ते म्हणाले, "गुरुजी, दुखणें न ओळखतां औषध कसें दिलेंत?" अक्रोडाचा रंग विषम होण्याचीं मुख्य कारणें तीन, आणि तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत.

पहिलें कारण झाडाच्या रचनेंतलें. खोडाचा गाभा तपकिरी व काळसर रेषांचा असतो. सालीलगतचें लाकूड, ज्यास शास्त्रीय ग्रंथांत रसकाष्ठ म्हणतात, तें फिकट असतें. दुसरें कारण, लाकूड झाडाच्या कोणत्या भागांतून आलें हें. काश्मिरी कारागिरांच्या हातीं येणारें मुळाकडील लाकूड जवळजवळ काळें, खोडाचें मध्यम आणि फांद्यांचें सर्वांत फिकें असतें. तिसरें कारण उजेड. पुष्कळ लाकडें उजेडानें काळवंडतात; अक्रोडाचें उलट आहे, तें वर्षानुवर्षें उन्हाच्या झोतांत उजळत जातें. माझा रुमालाखालचा चौकोन जुन्या रंगाचाच राहिला होता. फिका झाला होता तो बाकीचा भाग.

या तिसऱ्या दोषास रंग मुळींच लागत नाहीं. रुमाल काढून ठेवावा, वस्तु अधूनमधून फिरवावी आणि कांहीं महिने वाट पाहावी. झांकलेला भाग हळूहळू इतरांस गांठतो. घाई असेल तर सपाट पृष्ठभाग हलकेंच घासावा, कारण हा फरक वरवरचाच असतो.

पहिल्या दोन दोषांत मात्र हात चालवावा लागतो. तेथें एकच सूत्र ध्यानांत ठेवावें: फिक्यास गर्दाकडे न्यावें, सगळ्यांवर गर्द फासूं नये. प्रथम जुनें रोगण उतरवावें. त्याचें औषध कातडीस जाळतें, म्हणून हातमोजे घालावे व दारें-खिडक्या उघड्या ठेवाव्या. नक्षींतील खांचा मऊ ब्रशानें साफ कराव्या. सपाट भाग १२०, १८० आणि शेवटीं २२० क्रमांकाच्या काचकागदानें, नेहमीं रेषांच्या दिशेनें घासावा. मग ओल्या फडक्यानें पुसून घ्यावें. यानें उभे राहणारे तंतू वाळल्यावर पुन्हां हलकेंच घासून टाकतां येतात. शिवाय लाकूड ओलें असतांना जें दिसतें, तोच साधारणतः पुढील पॉलिशचा रंग होय. खरी विषमता कोठें आहे हें तेव्हांच कळतें.

आतां पाण्यांत विरघळणारी तपकिरी रंगाची पूड घ्यावी. रोगणांतील रंग पृष्ठभागावर बसून रेषा झांकतो. विरघळलेला रंग तंतूंत मुरतो आणि रेषा दिसूं देतो. द्रावण अगदीं पातळ करावें, तिवईच्या खालच्या बाजूस लावून पाहावें आणि मग बारीक ब्रशानें फक्त फिक्या पट्ट्यावर द्यावें. कडेशीं ओल्या फडक्यानें तो विरवावा. वाळूं द्यावें, पुन्हां पाहावें. एका गर्द हातापेक्षां तीन फिके हात बरे. कमी पडलेला रंग वाढवितां येतो, जास्त झालेला काढणें कठीण. अमेरिकेंत काळ्या अक्रोडाच्या फळ्या वाफेंत ठेवून गाभ्याचा रंग रसकाष्ठांत उतरवितात; त्यानें रंग समान होतो, पण गाभ्याची झळाळी कांहींशी मंदावते.

शेवटीं चपडी. स्पिरिटांत विरघळविलेल्या लाखेचे पातळ हात दिले म्हणजे उरलासुरला फरक बराच मिटतो. गर्द चपडी लालसर ऊब देते. फिकी चपडी लाकडाचा रंग बहुतेक आहे तसाच ठेवते. वर मधमाश्यांच्या मेणाचा हात द्यावा. चपडीवर गरम कप ठेवल्यास पांढरें वलय उमटतें, म्हणून रोजच्या चहाच्या टेबलास जवसाचें उकळलेलें तेल बरें. पण एक इशारा अवश्य ऐका: या तेलाचीं फडकीं चुरगळून टाकूं नका. तीं आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवावीं, नाहीं तर पाण्यांत बुडवून ठेवावीं.

हा सगळा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. काश्मिरांत १९६९ च्या कायद्यानें अक्रोडाचें झाड परवानगीवांचून तोडण्यास बंदी आहे. हें लाकूड सहज मिळणारें नव्हे, आणि त्यावर कोणाच्या तरी हातांनीं पान न् पान कोरलेलें असतें.

माझ्या तिवईस तीन आठवडे लागले. पायावरचा पट्टा बारकाईनें पाहिल्यास अजूनहि ओळखूं येतो. सुतारबुवांनीं तो तितकाच राहूं द्यावयास सांगितलें. "झाड होतें, हें कळूं द्या," असें ते म्हणाले. पुढच्या दिवाळींत माझा विद्यार्थी पुन्हां आला. त्यानें कांहीं विचारलें नाहीं. पानांवरून बोट फिरवीत तो चहा येईपर्यंत बसून राहिला.