खाते नवऱ्याचे
बँकेत असताना कापसाच्या चुकाऱ्याच्या दिवशी वरवट बकालची एक बाई काउंटरशी आली. ‘साहेब, पैसे त्यायच्या हाती देऊ नोका, सांजेलोक दारूत जातीन.’ खाते नवऱ्याचे. नियम दाखवून मी तिला परत पाठवले.

पुढे राज्यात बायकांच्या मताला वजन आले. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ला कौल दिला, की परवान्याचे दुकान बंद होते. पण हातभट्टी मतपेटीला जुमानत नाही. शिवाय व्यसन हा आजार; तो दुकानाला कुलूप लावून बरा होत नाही. अनिल व सुनंदा अवचट यांनी पुण्यात १९८६ साली ‘मुक्तांगण’ काढले ते उपचारासाठीच.

नियम मला मोडता आला नसता. पण नवरा बाहेरच बसला होता. त्याला आत बोलावून दोन शब्द बोलायचे. तेवढेही मी केले नाही.