अंगठा कुणाचा?

नवे यंत्र आले की आपल्या वर्तमानपत्रांना उत्साहाची भरती येते. फीत कापली, नारळ फुटला, पाहुण्यांनी कळ दाबली. यंत्राची किंमत, वेग, कंपनी, सारे छापून येते. यंत्रापुढे उभा राहणारा माणूस तेवढा छायाचित्राच्या कडेला अर्धा कापलेला दिसतो. वृत्तलेखन शिकवताना मी मुलांना सांगतो, त्या अर्ध्या माणसाच्या घरी जा.

याचा उत्तम वस्तुपाठ नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत मिळतो. 29 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत तेथे आधार योजना सुरू झाली. पहिला क्रमांक मिळाला रंजना सोनवणे यांना. त्या दिवशी बातमीदारांची रीघ लागली होती, त्यात नवल नाही. मला कौतुक वाटते ते मांडव उतरल्यावर, काही वर्षांनी पुन्हा टेंभलीची वाट धरणाऱ्यांचे. बारा आकडे हाती आले; रोजगाराचे काय झाले? एवढाच त्यांचा प्रश्न. कष्टाचे दिवस होते तसेच असल्याचे त्यांना आढळले, आणि तसे त्यांनी लिहिले.

माझ्या वर्गात चिंचोटीची एक मुलगी आहे. चिंचोटी म्हटले की मुंबईकराला पावसाळ्यातला धबधबा आठवतो आणि मालमोटारवाल्याला महामार्गावरून भिवंडीकडे वळणारा नाका. या मुलीने रेशनच्या दुकानातील अंगठ्याच्या यंत्रावर लेख लिहून आणला. लेख नेटका होता. कंपनीच्या माहितीपत्रकात सहज खपला असता! मी म्हटले, "बाळ, यंत्र कसे चालते हे कळले. कुणापाशी अडते?"

ती परत गेली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली. तेथे तिला जवळच्या पाड्यावरची एक आजी भेटली. एकटीचे कार्ड, 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे महिन्याचे 5 किलो धान्य. त्यासाठी तिची ही तिसरी खेप, कारण ठसा जुळत नव्हता. मुलीने शहाणपणा केला. यंत्राविषयी अवाक्षर न काढता तिने विचारले, "आजी, आयुष्यभर काम काय केलंत?"

"दगड फोडले, बाय. मग गवंड्याच्या हाताखाली राबले."

उत्तर मिळाले ते येथे. दगडाने बोटांवरच्या रेषा झिजतात, सिमेंट कातडी खाते, वय उरलेसुरले पुसून टाकते. ज्याने जन्मभर हातांनी कष्ट केले त्याचीच ओळख यंत्राला पटू नये, हा न्याय मोठा विचित्र. केंद्र सरकारला ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. ठसा जुळला नाही तरी आधार कार्ड पाहून, वहीत नोंद करून धान्य द्यावे, असे ऑक्टोबर 2017 मध्येच राज्यांना कळवले गेले होते. मग आजीला तीन खेपा का?

मी तिला दुकानदाराकडेही पाठवले. त्याला खलनायक करून मोकळे होणे सोपे होते. तो म्हणाला, "ताई, धान्याचा हिशेब यंत्रावरच्या नोंदीशी जुळवून द्यावा लागतो. वहीतली नोंद उद्या कुणी मान्य केली नाही तर भरपाई मीच करायची ना?" भीती त्यालाही होतीच. लेख एकदम वजनदार झाला. आता प्रश्न पुरवठा कार्यालयाच्या दारात जाऊन पोचला.

राहिला नावाचा प्रश्न. आजी फोटोला हसतमुखाने तयार झाली होती. मी मुलीला म्हटले, "लेख छापून आल्यावरही तिला त्याच दुकानात जायचे आहे, हे तिला समजावून सांगितलेस का?" ती पुन्हा पाड्यावर गेली. आजी बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "हात दाखव माझे. तोंड नको."

तेव्हा लेखात नाव नाही, पाडा नाही. दोन तळहातांचे छायाचित्र आहे. पुरवठा कार्यालयाचे उत्तर यायचे आहे. पुढच्या वाटपाच्या दिवशी मुलगी पुन्हा रांगेत उभी राहणार आहे. शेवटचा परिच्छेद तिने तोवर कोरा ठेवला आहे.