परदेशांतील समुद्रकांठचें घर

गेल्या महिन्यांत सदाशिव पेठेंतील आमचे एक वृद्ध स्नेही सायंकाळीं आमचेकडे आले. त्यांचे चिरंजीव गेलीं अकरा वर्षें दुबईस नोकरीस आहेत. तेथें समुद्रकांठच्या एका उंच इमारतींत सदनिका घेण्याचें चिरंजिवांनीं मनांत आणलें असून इमारतीचीं रंगीत चित्रें वडिलांकडे पाठविलीं होतीं. सज्ज्यांत उभें राहिलें कीं समोर निळें पाणी, असा सारा थाट! घरांतील मंडळींस चित्रें फार आवडलीं होतीं. स्नेह्यांचा चेहरा मात्र चिंताक्रांत दिसला. पहिल्या हप्त्यास रक्कम कमी पडत होती, व ती भरून काढण्यासाठीं पेठेंतील घर विकावें कीं काय, हा प्रश्न त्यांच्यापुढें होता. “आपण कायद्याचे चार कागद वाचलेले आहेत, काय तें स्पष्ट सांगा,” असें ते म्हणाले. हाच प्रश्न आज आमच्या अनेक वाचकांच्या घरीं उपस्थित होत असेल, म्हणून त्यांस जें सांगितलें तेंच येथें देत आहों.

परकीयांनीं दुबईंत घर विकत घेणें ही गोष्ट फार जुनी नाहीं. २००२ सालीं तेथील सरकारनें तशी मुभा दिली व २००६ च्या ७ व्या क्रमांकाच्या कायद्यानें तिला पक्कें स्वरूप आलें. ही मुभा सरसकट नाहीं; सरकारनें ठरवून दिलेल्या विभागांपुरतीच आहे. त्यांतहि कोठें कायमची मालकी मिळते, तर कोठें ९९ वर्षांपर्यंतचा पट्टा. दोन्ही प्रकारचीं घरें चित्रांत सारखींच दिसतात. भेद काय तो खरेदीखतांत असतो.

तेथील समुद्रकांठहि पुष्कळ ठिकाणीं मनुष्यानेंच निर्माण केलेला आहे. पाम जुमेरा हें खजुरीच्या झाडाच्या आकाराचें बेट २००१ पासून आखाताच्या तळची वाळू उपसून रचण्यांत आलें. दुबई मरीना म्हणजे वाळवंटांत कालवा खोदून त्यांत समुद्राचें पाणी घेतलेलें. आपल्या गुहागर-मुरुडाकडे घर व समुद्र यांमध्यें नारळी-पोफळींची वाडी असते. खारा वारा प्रथम ती सोसते. येथें तो थेट भिंतींस, खिडक्यांस व यंत्रांस भिडतो. त्यांची डागडुजी, उद्वाहनें, पोहण्याचे तलाव व पहारा या सर्वांचा खर्च चौरस फुटांच्या हिशेबानें दर वर्षीं मालकांकडून घेतला जातो. घर कुलूपबंद असलें तरी तो चुकत नाहीं.

आतां किंमतीचा हिशेब. घर २० लक्ष दिऱ्हमांचें धरूं. भूमिखात्याचें हस्तांतर-शुल्क शेंकडा ४ म्हणजे ८० हजार. दलालाची दस्तुरी बहुधा शेंकडा २, म्हणजे आणखी ४० हजार. परकीयाचें पहिलेंच घर असेल, तें बांधून तयार असेल व त्याची किंमत ५० लक्ष दिऱ्हमांपर्यंत असेल, तर पेढी जास्तींत जास्त शेंकडा ८० कर्ज देऊं शकते. बांधकाम पुरें न झालेल्या घरावर शेंकडा ५०. म्हणजे तयार घरासहि निदान सव्वापांच लक्ष दिऱ्हम पदरचे हवेत, व चित्रांतल्या घरास त्याहून किती तरी अधिक.

चित्रांतल्या घराचा धोका २००८ च्या मंदींत जगानें पाहिला. दुबईंतील घरांच्या किंमती थोड्याच काळांत सुमारें निम्म्यावर आल्या, अनेक इमारतींचें काम थांबलें, व समुद्रांत रचलेल्या ‘वर्ल्ड’ नांवाच्या बेटांपैकीं बहुतेक पुढें कित्येक वर्षें ओसाड राहिलीं. २००७ च्या कायद्यानें ग्राहकांचे पैसे प्रत्येक इमारतीच्या स्वतंत्र विश्वस्त खात्यांतच ठेवावे व काम पुढें सरकेल तसे बांधणाऱ्यास द्यावे, असें बंधन घातलें आहे. म्हणून इमारतीची सरकारीं नोंद आहे कीं नाहीं तें पाहावें, व त्या खात्यावांचून दुसरीकडे एक दिऱ्हमहि भरूं नये.

घर झालें म्हणजे त्या देशांत कायम राहण्याचा हक्क मिळाला, असाहि पुष्कळांचा समज असतो. २० लक्ष दिऱ्हम वा अधिक किंमतीच्या मिळकतीवर दहा वर्षांचा वास्तव्याचा परवाना मिळूं शकतो, हें खरें. परंतु परवाना म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि घर विकलें कीं त्याचा आधारहि गेला.

येथपर्यंत स्नेही शांतपणें ऐकत होते. पुढची गोष्ट बोलणें आम्हांस जड गेलें, परंतु ती न बोलतां गप्प बसणें हा मित्रधर्म नव्हे. मृत्युपत्र न करतां मालकाचें बरें-वाईट झालें तर त्या घराचें काय होतें? मुस्लिमेतरांसाठीं तेथें २०२२ सालीं नवा कायदा झाला व तो २०२३ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें मृत्युपत्र नसल्यास निम्मी मिळकत पत्नीस अथवा पतीस, व उरलेली निम्मी मुलगा-मुलगी असा भेद न करतां अपत्यांस समान जाते. अपत्यें असतां आईबापांस त्यांत वाटा नाहीं. वारसानें मागणी केल्यास मायदेशाचा कायदा लावतां येतो. परंतु आपल्या हिंदु वारसा कायद्यांतहि मृत पुत्राची आई पहिल्या वर्गांत येते, बाप दुसऱ्या. सारांश, स्नेह्यांनीं स्वतःचें छप्पर विकून पैसे दिले, तर दोन्ही कायद्यांनीं त्यांच्या स्वतःच्या हातीं कांहींच उरत नाहीं.

शिवाय येथील घर विकून येणाऱ्या नफ्यावर, त्या पैशांतून दुसरें घर घेतल्यास प्राप्तिकरांत जी सवलत मिळते, ती तें दुसरें घर भारतांत असेल तरच मिळते. भारतांत राहणाऱ्यास एका आर्थिक वर्षांत अडीच लक्ष डॉलरांपर्यंतच रक्कम परदेशीं पाठवितां येते, हेंहि ध्यानांत ठेवावें. चिरंजीव उद्यां कायमचे परत आले, तर दुबईचें घर त्यांस ठेवतां येईल. मात्र येथील सामान्य रहिवासी झाल्यावर तें प्राप्तिकराच्या विवरणपत्रांत दाखविलेंच पाहिजे. लपविल्यास २०१५ च्या कायद्यान्वयें दहा लक्ष रुपये दंड होऊं शकतो.

मग घर घेऊंच नये काय? तसें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. ज्याची नोकरी स्थिर आहे, ज्यास निदान सात-आठ वर्षें तेथें काढावयाचीं आहेत, व ज्याच्यापाशीं स्वतःची शिल्लक आहे, त्यानें अवश्य घ्यावें. कष्टाच्या पैशानें समुद्राचा वारा खाण्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र त्याच विभागांत एक वर्ष भाड्यानें राहून तेथील उन्हाळा आधीं पाहावा, आणि घराची नोंद होतांच मृत्युपत्र करावें. मुस्लिमेतरांस इंग्रजींतून मृत्युपत्र नोंदण्याची सोय दुबईंत २०१५ पासून आहे. म्हाताऱ्या आईबापांचें राहतें घर मात्र त्या हप्त्यांत घालूं नये.

स्नेह्यांनीं त्याच रात्रीं चिरंजिवांस हें सर्व कळविलें. आठ दिवसांनीं उत्तर आलें. पेठेंतलें घर विकण्याची गोष्ट पुन्हां काढूं नये. पुढील वर्षीं तेथेंच भाड्याची जागा घेतों व शिल्लक पुरेशी झाल्यावर तयार घर पाहतों. आणि मृत्युपत्रांत आपलीं व आईचीं नांवें काय क्रमानें घालावीं तें कळवावें, असा मजकूर होता. शेवटचें वाक्य वाचून दाखवितांना स्नेह्यांचा आवाज किंचित् अडखळला. चित्रें मात्र त्यांनीं टाकलीं नाहींत. तीं अद्याप दिवाणखान्यांतील कपाटांत आहेत.